डबी वाजायच्या आधी

नाना, तुमचं दिवसकार्य, गंधमुक्ती होऊन आज आठवडा झाला. लोकांनी तुमच्याबद्दल जे बोलायचं ते माईकवर बोलून घेतलं. तुम्ही किती शांत स्वभावाचे होतात, उभ्या नोकरीत कुणाला चढ्या आवाजात बोलला नाहीत, असं एक जण सांगत होते तेव्हा आपल्या सबस्टेशनच्या ऑपरेटरनं माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. हसू आवरेना. सहा वर्षं मी तुमच्याबरोबर लाईनवर काम केलं आणि त्यातला एकही दिवस तुम्ही मला ओरडल्याशिवाय घरी गेला नाहीत. मला तिथे उठून हे सांगायचं होतं, पण मी बसून राहिले. माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरंच काहीतरी होतं आणि ते तुमच्या फोटोसमोर एकदम बाहेर पडेल अशी भीती वाटली.

मी धानोऱ्याहून बदलून आले तो पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. कळसाडीच्या शिवारात, तुमच्याच गावात, डीपीचा फ्यूज गेला होता आणि बाई खांबावर चढणार म्हणून कापूस वेचणाऱ्या बायकांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे जमले होते. तुम्ही गर्दीकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणालात, चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून ‘चढले’ म्हणायचं आणि खाली पाय टेकला की ‘उतरले’ म्हणायचं, मग बाकीचं. मी म्हटलं, परमिट घेतलंय की, लाईन बंद आहे, सगळं नोंदवलंय. तुम्ही म्हणालात की परमिट तारेचं असतं, माणसाचं नसतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तुमचा जोडीदार एकटा चढला होता आणि तो अजून वरच आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, एवढंच सांगितलंत. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि तुम्हीही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

तुमच्या या फोनची सगळे टिंगल करायचे. पोरगी सासरी पोचल्यावर फोन करते तसं हे झालं, असं आपला ऑपरेटर म्हणायचा. पण तोच ऑपरेटर तुमचा फोन यायला दहा मिनिटं उशीर झाला की जेवता जेवता उठायचा. मीही करायचे फोन. कधी कंटाळून, कधी तुमच्या धाकानं, पण करायचे.

मग डब्या आल्या. काड्यापेटीहून थोडी मोठी, केशरी रंगाची डबी, छातीवर पट्ट्याला अडकवायची. संकटात सापडलात तर बटण दाबा, कानठळ्या बसतील इतक्या जोरानं वाजेल. बटण दाबायची शुद्ध नसेल तरी माणूस दोन मिनिटं हलला नाही की आपोआप वाजेल, आणि मोबाईलला रेंज असेल तिथे सबस्टेशनला निरोपही जाईल. चाचणीसाठी आपल्या फिडरवर, म्हणजे आपल्या वाट्याच्या लाईनवर, दोनच डब्या मिळाल्या, एक तुम्हाला आणि एक मला. मला ती फार आवडली. एकटीनं उसाच्या आत आत जाऊन काम करायचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं. तुम्ही मात्र डबी उलटीपालटी करून बघितलीत आणि म्हणालात, गायीच्या गळ्यात घंटी बांधतात तशी आपल्याला बांधली. पहिले आठ दिवस तुमची डबी तुमच्या देव्हाऱ्यात होती. नानींनी तिला हळदकुंकूही लावलं होतं.

आपली पहिली चाचणी मला आजही जशीच्या तशी दिसते. मी उसात शिरून निपचित पडून राहायचं, डबी वाजली की किती वेळात कोण धावून येतं ते तुम्ही बांधावर बसून घड्याळात बघायचं. डबी वाजली. माझे कान गेले, अंगावर मुंग्या चढल्या, कुणी आलं नाही. अर्ध्या तासानं मी बाहेर आले तर तुम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशेजारी बसून तंबाखू मळत होतात. म्हातारा मला बघून दचकला. आवाज ऐकू आला नाही का, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, आला ना, पण शिवारात रानडुकरं पळवायला जो तो बॅटरीवरचा भोंगा लावतो, त्यातलाच एक समजून मी गप्प बसलो. तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग हसणं थांबलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत आणि म्हणालात,

“डबी ते वाजी, पन येई कोन?”

मला राग आला होता. वाटलं, झालं, आता हा माणूस साहेबांना सांगून डब्या परत पाठवणार. तुम्ही उलटंच केलंत. दुसऱ्या दिवसापासून रोज दिवस मावळायच्या आधी तुम्ही फिडरवरच्या एकेका गावात जाऊन पारावर उभे राहायला लागलात. आधी डुकरांचा भोंगा वाजवून दाखवायचा, मग डबी. हा आवाज डुकराचा, हा वायरमनचा. वायरमनचा आवाज आला की आधी सबस्टेशनला फोन, मग सुका बांबू आणि दोर घेऊन पळायचं, आणि लाईन बंद झाल्याचं कळल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तापीकाठच्या गुजर पाटलांना तुम्ही भोंग्यातला आवाज बदलून कुत्र्यांचं भुंकणं भरायला लावलंत. तुमच्या सख्ख्या साडूचा तारेवरचा आकडा तुम्ही स्वतःच्या हातानं काढला होता आणि त्यापायी नानी आठवडाभर तुमच्याशी बोलल्या नव्हत्या. त्या साडूनंही मुकाट्यानं भोंगा बदलला. ज्या डबीला तुम्ही घंटी म्हणत होतात तिच्यासाठी तुम्ही महिनाभर घसा कोरडा केलात. त्यावरून मी तुम्हाला चिडवलं तेव्हा म्हणालात की मी डबीसाठी करत नाही, ऐकणाऱ्यांसाठी करतो.

लोक इतके तयार झाले की त्याचाच मला त्रास व्हायला लागला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नाना. आता सांगते.

तो वैशाखातला दिवस होता. सकाळी परमिटच्या फोनची वाट बघत मी डीपीच्या सावलीत उभी होते, जरा जास्तच वेळ स्वस्थ उभी राहिले असेन, डबी वाजली. निंदणाऱ्या बायका विळे टाकून पळत आल्या. एक आजोबा तर अनवाणीच आले, तापल्या मातीतून. मी ओशाळून माफी मागितली. तासाभरानं वाकताना बटण कशात तरी दाबलं गेलं आणि सगळं पुन्हा तसंच झालं. या वेळी बायका हसत होत्या. त्यांतली एक म्हणाली, “दिनभरमां कितला येळ मरस वं बाई?” सगळ्या फिदीफिदी हसल्या, मीही हसले. पण त्या पाठ वळवून गेल्यावर माझे कान गरम झाले. बाई आहे म्हणून घाबरते, असं म्हणत असतील, असं वाटलं. मी डबी बंद केली आणि गाडीच्या आरशाला अडकवून टाकली. पुढच्या खांबाशी गेले. ‘चढले’ म्हणून फोन केला आणि चढले.

वर ऊन असं होतं की लोखंडाला हात लावता येत नव्हता. काम संपत आलं होतं एवढं आठवतं. मग डोळ्यांपुढे पिवळं आलं. त्यानंतरचं मला काहीच ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते जोडून जोडून कळलेलं आहे.

माझा ‘उतरले’चा फोन आला नाही म्हणून ऑपरेटरनं तुम्हाला कळवलं. तुम्ही दोन शिवारांपलीकडे होतात, गाडी काढून आलात. मी सेफ्टी बेल्टला लोंबकळत होते, मान छातीवर पडलेली. तशी लोंबकळत राहिले तर पट्ट्यानं रक्त अडतं हे तुम्हाला माहीत होतं, आणि एकट्यानं मला खाली आणता येणार नाही हेही. तुमची डबी छातीवर असूनही तुम्ही आरशावरची माझीच डबी काढलीत, सुरू केलीत, बटण दाबलंत. मग ती वाजत असतानाच वर चढलात, सत्तावन्नाव्या वर्षी, त्या उन्हात. माझ्या मांड्यांखाली खांदा लावून माझा सगळा भार तुम्ही पेललात. आणि त्या सगळ्या गडबडीत, एका हातानं, डबी माझ्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवलीत. ती तुमच्या कानापासून वीतभर अंतरावर किंचाळत होती. तो तुमचा डावा कान नंतर कधी नीट झाला नाही.

लोक आले. बायका आल्या, अनवाणी आजोबा आले, तुमचा साडू ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉली खांबाखाली लावून दोरानं मला उतरवलं. सगळ्यांनी बघितलं की डबी माझ्या छातीवर आहे आणि वाजते आहे. मला शुद्ध आली तेव्हा मी खाटेवर होते, कुणीतरी कपाळावर ओलं फडकं ठेवलं होतं, आणि मी खाली बघितलं तर केशरी डबी. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तोंड फिरवून पाणी पीत होतात.

चौकशीत तुम्ही जबाब दिलात, “डबी वाजी ऱ्हायनी व्हती, मी गऊ.” डबी वाजत होती, मी गेलो, एवढ्यावर सही केलीत. त्यात खोटं काहीच नव्हतं. नुसतं कोणतं आधी आणि कोणतं मग, ते सांगितलं नव्हतंत. साहेबांनी अहवालात लिहिलं की कर्मचारी बेशुद्ध होताच डबी आपोआप वाजली आणि जीव वाचला. मी त्याखाली सही केली. डबी बंद करून काम केलं हे निघालं असतं तर माझ्यावर कारवाई झाली असती, आणि बाई लाईनवर नकोच म्हणणाऱ्यांना आयतंच मिळालं असतं. ज्या माणसानं साडूची गय केली नाही त्यानं माझी केली. का केली, ते मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आभार मानायला हवे होते. मी दोन्ही केलं नाही, कारण आभार मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं.

पुढचं तुम्ही बघितलंतच. सगळ्या उपविभागाला डब्या आल्या, आणि डबीनं वाचलेली बाई म्हणून शिकवायला मला पाठवायला लागले. मी गावोगाव डबीवाली ताई झाले. मी बोलायचेही छान. या डबीनं मला वाचवलं, असं म्हणून छातीवर हात ठेवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. नाना, मला त्या टाळ्या आवडायला लागल्या होत्या. तेही इथं लिहून ठेवते.

तुम्ही निवृत्त झालात. गेल्या महिन्यात कळसाडीला आले तेव्हा तुम्ही ओट्यावर दोर वळत बसला होतात. चहा ठेवायला सांगितलात आणि सरळ मुद्द्यावर आलात. नवे वायरमन आता ‘उतरलो’चा फोन करत नाहीत, ऑपरेटर तुम्हाला सांगून गेला होता. डबी आहे ना, मग फोन कशाला, असं ते म्हणतात. आणि माझं नाव सांगतात, की ताई तर बेशुद्ध होती, तरी डबीनंच बोलावलं.

“त्या पोरेस्ले खरं सांग,” तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, “सही ते तुम्हीच करी ना?”

तुम्ही दोर खाली ठेवलात. “तुन्हासाठे करी मी सही. त्यासनासाठे नई.”

मी चिडले. तोंडाला येईल ते बोलले. मला नोकरीवरून काढायचं होतं तर तेव्हाच खरं सांगायचं होतंत, आता निवृत्त होऊन ओट्यावर बसून शहाणपण शिकवायला सोपं आहे, असंही बोलले. नानी चहा घेऊन आल्या तोवर मी गाडीला किक मारली होती. तुम्ही मागून हाक मारलीत. मी ऐकली, आणि थांबले नाही.

नवव्या दिवशी दुपारी तुम्ही केळीच्या बागेतून घरी आलात, नानींकडे पाणी मागितलंत, आणि त्या तांब्या घेऊन येईपर्यंत गेलात. कुठली डबी, कुठला फोन, कशाचाच उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटतं. तरी मला तुमचा राग येतो, नाना. उभ्या नोकरीत दुसऱ्यांच्या ‘उतरलो’ची वाट बघितलीत आणि स्वतः असे न सांगता गेलात. भांडण मिटवायला आणखी चार दिवस तरी द्यायचे होतेत.

गंधमुक्तीच्या दिवशी पंगती उठल्यावर नानींनी मला आत बोलावलं. मला वाटलं रडतील. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, “तुन्हं ते काम व्हयनं का वं?” मी कोणतं काम म्हणून विचारलं, उगाच. “त्यास्नी माले सांगेल शे,” त्या म्हणाल्या. मग पातेली उचलायला गेल्या. तुम्ही नानींना सांगितलं होतंत, आणि या बाईनं दोन वर्षं मला डबीवाली म्हणून चहा पाजला. तुम्ही दोघं एका मातीचेच आहात.

चारच दिवसांनी धडगावला शिकवायचं होतं. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घाट चढताना मी सगळं बोलणं मनात नव्यानं जुळवलं. आणि तिथे, तहसील कचेरीजवळच्या त्या खोलीत, डबी टेबलावर ठेवून मी आधी तुमचं नाव घेतलं आणि घडलं तसं सांगितलं. की माझी डबी बंद होती. लाजेपोटी मीच बंद केली होती. माझा फोन आला नाही म्हणून एक माणूस मला शोधत आला. त्यानं डबी वाजवली म्हणून गाव आलं. नुसता फोन असता तर नाना माझ्याखाली खांदा देऊन एकटेच थकले असते आणि नुसती डबी असती तर ती आरशालाच लटकत राहिली असती. टाळ्या वाजल्या नाहीत. मागे बसलेले दोघे वायरमन त्यांच्या पावरी बोलीत आपसात बोलले. मग त्यांतले मोठे उठले आणि मराठीत म्हणाले की आमच्याकडे पाड्यांवर रेंजच नसते, फोन कुणाला करणार? म्हणून आम्ही चढायच्या आधी जवळच्या घरी सांगतो. आम्ही उतरेपर्यंत त्या घरातलं एक माणूस बाहेर बसून राहतं, काही झालं तरी उठत नाही. हे आमचे जुने वायरमन शिकवून गेलेत. मी ते फळ्यावर लिहून घेतलं. तुम्ही असतात तर त्या माणसाला मिठी मारली असतीत आणि मग माझ्यावर ओरडला असतात की सातपुड्यात इतकी वर्षं चाललंय, आपल्याला कुणी का सांगितलं नाही.

मला हलकं वगैरे वाटलं नाही. बरं वाटलं, स्वच्छ वाटलं, आणि भूक लागली. घाट उतरताना मी ठरवलं की तोंडी सांगून भागायचं नाही. अहवाल तसाच राहिला तर पुढचा कुणी तोच वाचून शिकवणार.

म्हणून काल साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस आहे. माझं ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले की ताई, नाना गेले, आता हे कुणाला कळणार आहे? उगाच चौकशी लागेल, शिकवायचं काम जाईल, कदाचित पगारवाढही अडेल. मी म्हटलं, लागू द्या. चौकशीला मी घाबरत नाही, खांबावर मी आजही कुणापेक्षा कमी नाही. पण माझं नाव सांगून कुणी फोन करायचं सोडलं आणि वरच राहिलं, तर ते मला पेलणार नाही. साहेबांनी कपाटातून कोरा जबाबाचा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. जुन्या अहवालात हा जोडू, आणि शिकवायच्या कागदात फोन आणि डबी दोन्ही सक्तीचं लिहू, असं म्हणाले. शिकवायला कोण जाईल ते चौकशीनंतर बघू.

मी लिहायला बसले. डबी बंद केली ते लिहिलं, का केली ते लिहिलं. बायका हसल्या होत्या तेही लिहिलं, पण त्यांचा त्यात दोष नाही असंही लिहिलं. तुम्ही कधी आलात, काय केलंत, कोणत्या क्रमानं केलंत, सगळं लिहिलं. तुमच्या डाव्या कानाचं लिहिलं, साहेब म्हणाले त्याची गरज नाही, तरी लिहिलं. एकही ओळ खोडली नाही. खाली माझी सही केली. त्याच्या खाली प्रत्यक्षदर्शीचा रकाना होता. तिथे तुमचं पूर्ण नाव, हुद्दा आणि कळसाडीचा पत्ता लिहिला. मग सहीची जागा आली, आणि साहेब हळूच म्हणाले, ताई, तिथे ‘मयत’ लिहा. बाकी दीड पान एका दमात झालं होतं. त्या तीन अक्षरांना मला फार वेळ लागला, नाना.